सिंगापुरातील कारखान्यांतली उमेदवारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिंगापूर म्हणजे बंदर, बँका, विमानतळ आणि झगमगणाऱ्या बाजारपेठा, असे जे चित्र आपल्याकडील पालकांच्या मनात दृढ झाले आहे, त्यात कारखान्याला जागाच नसते. आणि म्हणूनच अभियांत्रिकी शिकणारी आपली मुलगी जुरोंग किंवा वुडलँड्स येथील एखाद्या कारखान्यात इंटर्नशिपला जाणार असे कळले, की पुष्कळांना ते आडवाटेचे वाटते. वस्तुस्थिती अशी, की सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या या देशात राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा कारखानदारीतून येतो. वुडलँड्सला सेमीकंडक्टर तयार होतात. सेलेटार येथे रोल्स-रॉईसचा २०१२ साली सुरू झालेला कारखाना प्रवासी विमानांची इंजिने जुळवतो. आणि समुद्रात भर घालून सात लहान बेटे जोडून घडविलेल्या जुरोंग बेटावर, ज्याचे औपचारिक उद्घाटन २००० साली झाले, रसायनांचे प्रचंड उद्योग एकवटले आहेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे, या देशाने कारखाना आणि शिक्षण यांना कधी परस्परांपासून तोडले नाही. १९६१ साली आर्थिक विकास मंडळ स्थापन होऊन जुरोंगची दलदल भरण्यास प्रारंभ झाला, तेव्हा जमीन मिळाली, भांडवलही येऊ लागले, परंतु सूक्ष्म यंत्रकामाचे हात कोठून आणायचे, हा प्रश्न उरला. आणि त्याचे एक आरंभीचे उत्तर, मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे, हिंदुस्थानातून गेले. १९७२ साली मंडळाने टाटा उद्योगसमूहाच्या सहकार्याने टाटा-सरकारी प्रशिक्षण केंद्र उघडले. त्या सुमारास टाटांच्याच पिंपरी-चिंचवडच्या टेल्को या वाहन-कारखान्यात तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर प्रशिक्षणाला जे महत्त्व देत होते, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सहकार्याचे नवल वाटणार नाही. पाठोपाठ १९७३ मध्ये रोलाय आणि १९७५ मध्ये फिलिप्स या कंपन्यांबरोबर तशीच केंद्रे निघाली.

तेव्हा इंटर्नशिप म्हणजे सुट्टीतला वेळ घालवण्याची सोय, हा समज येथे टिकत नाही. १९८१ साली स्थापन झालेल्या नान्यांग तंत्रशास्त्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या नान्यांग तंत्रशास्त्रीय विद्यापीठाच्या पूर्वरूपाने, अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातच सहा महिन्यांची कारखान्यातील उमेदवारी समाविष्ट केली होती. आजही ती श्रेयांकांचा भाग आहे आणि तिचा अहवाल तपासला जातो. सिंगापूर तंत्रशास्त्र संस्थेत तर हा काळ आठ ते बारा महिन्यांपर्यंत जातो.

सर्वांत हट्टी गैरसमज कामाच्या स्वरूपाविषयीचा आहे. एक पक्ष म्हणतो, विद्यार्थ्याला नवे यंत्र निर्माण करावयास मिळेल. दुसरा म्हणतो, कागदांच्या प्रती काढण्यापलीकडे काही मिळणार नाही. सेमीकंडक्टरच्या कारखान्यात सिलिकॉनची एक चकती शेकडो प्रक्रियांतून, आठवडेच्या आठवडे फिरत असते, आणि त्यातील एका प्रक्रियेचे तापमान किंवा दाब चुकला तर आधीचे सारे श्रम वाया जातात. अशा ठिकाणी यंत्राची मांडणी बदलण्याचा अधिकार नवख्याच्या हाती कोणीही देणार नाही, आणि देऊ नये. त्याच्याकडे येते ते वरकरणी क्षुल्लक दिसणारे काम : एखादे यंत्र महिन्याभरात किती वेळा थांबले, का थांबले, याची नोंद करणे. परंतु दोन मिनिटांचे अडखळणे आणि सहा तासांचा बिघाड यांची वेगळी वर्गवारी करताना, दोन मिनिटांच्या अडखळण्यांची बेरीजच कधी कधी मोठी भरते, हे त्याला आकड्यांतून दिसते. रात्रपाळीच्या टेक्निशियनने आपल्या वहीत टिपलेली खूण संगणकाच्या नोंदीत नसते, हेही कळते. आणि त्या टेक्निशियनकडे आदराने जाऊन विचारल्यावाचून अहवाल पुरा होत नाही, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. हे काम कमी दर्जाचे मानणाऱ्याला अभियंत्याच्या व्यवसायाचा गाभाच समजला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहवालासाठी वाटेल ती छायाचित्रे घेता येतात, हाही भ्रमच. जुरोंग बेट संरक्षित क्षेत्र असून पासाशिवाय तेथे प्रवेश नाही. इतर कारखान्यांतही गोपनीयतेच्या करारनाम्यावर सही करावी लागते, आणि अहवालात काय जाईल हे कंपनी ठरवते.

यापुढचा गैरसमज मात्र प्रसंगी कायद्याच्या कचाट्यात नेणारा आहे. ‘मावशीकडे सिंगापूरला जायचेच आहे, तर भेटीच्या परवान्यावर महिनाभर एखाद्या कंपनीत बसावे, पगार तर घ्यायचा नाही’, असा सल्ला आपल्या घरांतून सहजपणे दिला जातो. परंतु परकीय मनुष्यबळाच्या नोकरीविषयीचा तेथील कायदा वेतन मिळते की नाही यावर अवलंबून नाही. विनावेतन कामही त्याच्या कक्षेत येते. सिंगापुरातील मान्य संस्थेत पूर्ण वेळ शिकणाऱ्या आणि विद्यार्थी-परवाना असलेल्या मुलाला अभ्यासक्रमातील इंटर्नशिपसाठी स्वतंत्र परवाना लागत नाही, हे खरे. पण पुण्याच्या किंवा नागपूरच्या महाविद्यालयातून जाणाऱ्याला ती सवलत नाही. त्याच्यासाठी प्रशिक्षण-परवाना आहे. त्याची मुदत कमाल तीन महिने असून ती वाढवून मिळत नाही. प्रशिक्षण पदवी-अभ्यासक्रमाचा भाग असावे लागते, शिवाय संस्था तेथील सरकारला मान्य असावी किंवा निश्चित मासिक वेतन किमान तीन हजार सिंगापुरी डॉलर असावे, अशी अट आहे. अर्ज कंपनीनेच करावयाचा असतो. काही देशांतील विद्यापीठांच्या तरुणांना सहा महिने तेथे राहून काम करण्याची मुभा देणारी जी योजना आहे, तिच्या यादीत भारत नाही.

आपल्याकडील अप्रेंटिसशिपशी याची गल्लत होते, तीही टाळावी. आपला शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकी पदवीधर आले, आणि त्यांची उमेदवारी पदवीनंतर, विद्यावेतनासह, नोंदणीकृत करारान्वये होते. सिंगापुरातील इंटर्नशिप ही पदवी पुरी होण्यापूर्वीची असून तिचे मानधन विद्यार्थी, संस्था आणि कंपनी यांच्यात ठरलेल्या अटींप्रमाणे मिळते.

राहिला नोकरीच्या हमीचा प्रश्न. प्रशिक्षण-परवान्याने नोकरीच्या परवान्यावर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. त्यासाठी जानेवारी २०२५ पासून बहुतेक क्षेत्रांत किमान मासिक वेतन ५,६०० डॉलर ठरविले गेले, वयानुसार ते वाढत जाते, आणि सप्टेंबर २०२३ पासून वेतन, पदवी, कंपनीतील मनुष्यबळाची रचना इत्यादी निकषांवर चाळीस गुण मिळविण्याची अटही आहे. उलट, सरकारी शुल्क-अनुदान घेऊन तेथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने पदवीनंतर तीन वर्षे सिंगापुरातील कंपनीत काम करण्याचे बंधन आधीच पत्करलेले असते. सबब त्याने तरी इंटर्नशिपचा कारखाना निवडताना मानधनाच्या आकड्यापूर्वी, तेथे कोणाच्या हाताखाली काय शिकावयास मिळेल, याची कसून चौकशी करावी.