टक्के कमी म्हणजे प्रबंध अस्सल?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असो की शहरातलं एखादं संशोधन केंद्र, प्रबंध सादर करायची वेळ आली की विद्यार्थी एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, ‘किती टक्के आलं?’ प्रबंधात नवं काय सापडलं, हे विचारायचं राहून जातं. मजकुरातलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या या टक्क्यांविषयीच्या गैरसमजांपायी प्रामाणिक मुलं धास्तावतात आणि उचलेगिरी करणारे सहीसलामत सुटतात.

‘सॉफ्टवेअर चोरी पकडतं’ हा त्यातला पहिला गैरसमज. सॉफ्टवेअर फक्त साम्य दाखवतं. मजकुराचे लहान तुकडे करून ते इंटरनेट, नियतकालिकं आणि आधीच्या प्रबंधांशी ताडून पाहतं आणि जुळलेला भाग रंगवून स्रोतासह समोर ठेवतं. ‘सदर संशोधनासाठी सहेतुक नमुना निवड पद्धतीचा वापर करण्यात आला’ असं वाक्य कितीतरी प्रबंधांत असतं. ते रंगलं म्हणून कुणी चोर ठरत नाही. उलट, निष्कर्षातला कळीचा परिच्छेद दुसऱ्याचा असेल, तर दोन टक्क्यांतही चोरी असते. ती ओळखायला अहवाल माणसानेच वाचावा लागतो.

‘दहा टक्के उचललेलं चालतं’ हा समज सर्वांत घातक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही, एवढं खरं. पण सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी या गाभ्यात साम्य असता कामा नये, असंही तिथेच म्हटलं आहे. संदर्भासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणं मोजणीतून वगळायची असतात. सर्वसामान्य माहितीतले किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे असतात. त्यामुळे ही वगळणी न करता काढलेला आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत साम्य निघालं, तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. साठच्या वर गेलं, तर नोंदणीच रद्द होते. हे सगळं पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांच्या प्रबंधांसाठी आहे. वर्गातले निबंध, असाइनमेंट, प्रकल्प अहवाल या विनियमांतून वगळलेले आहेत.

मराठीतून लिहिणाऱ्यांच्या बाबतीत मात्र उलटा गैरसमज दिसतो: शून्य टक्के आले, म्हणजे लेखन अस्सल. सॉफ्टवेअरच्या साठ्यात जे नाही, ते त्याला दिसत नाही. पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकातून पानभर मजकूर उतरवला आणि त्या पुस्तकाचा शोधता येईल असा मजकूर इंटरनेटवर नसला, तर अहवाल कोरा येणार. पानं स्कॅन केलेली असली, तरी पुष्कळदा ती नुसती चित्रंच असतात. फॉन्टची भानगड आणखी वेगळी. कृतिदेवमध्ये टंकलेल्या फाइलीत आपल्याला पडद्यावर ‘क’ दिसतो. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी ‘डी’ असतो. अशी फाइल युनिकोडमध्ये न बदलता तपासली, तर ती युनिकोडमधल्या मराठीशी जुळणार तरी कशी? इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर स्वतःच्या नावावर खपवलं, तर तेही बहुधा निसटतं. मराठी प्रबंधाचा पहारा म्हणूनच अजून जाणकार गाईड आणि परीक्षकांकडेच आहे.

शब्द बदलून टक्के खाली आणता येतात, पण उसनी कल्पना आपली होत नाही. संदर्भ द्यावाच लागतो. स्वतःचा छापलेला लेखही उल्लेखाशिवाय प्रबंधात घालता येत नाही.

आणि बाहेरच्या दुकानात पैसे देऊन ‘रिपोर्ट’ काढणाऱ्यांनी जपावं. काही प्रणाली तपासलेला मजकूर साठवून ठेवतात. मग विद्यापीठात तोच प्रबंध स्वतःशीच जुळतो आणि आकडा शंभराच्या घरात जातो. इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून २०१९पासून विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळतं आहे. आपल्या ग्रंथालयात आधी चौकशी करा.

गाईड मंडळींना विनंती एवढीच, की प्रबंध बांधायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात ही तपासणी नको. पहिलं प्रकरण लिहून झालं, की लगेच त्याचा अहवाल काढा, विद्यार्थ्याला शेजारी बसवा आणि रंगलेली प्रत्येक ओळ कुठून आली, हे त्याला विचारा.