पुरस्कार म्हणजे पुढे करणे : चाहत्यांचे गेम, त्यांचा सन्मान आणि कॉपीराइट



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "तत्त्वज्ञान सोडून हे गेमचं काय काढलंत?" मी म्हटलं, सोडलेलं नाही. माझा नातू ज्या गोष्टीपायी रात्री जागवतो, तिथे मालकी, श्रम, श्रेय आणि सन्मान हे चारही प्रश्न एकत्र बसलेले आहेत. असं ठिकाण आयतं सापडलं तर आपण का सोडावं?

आधी शब्द नक्की करू. एखाद्या प्रसिद्ध गेममधली पात्रं, त्यातलं जग, संगीत, कधी प्रत्यक्ष कोड घेऊन चाहते जो नवा गेम तयार करतात, तो फॅन-गेम. बहुतेक वेळा तो फुकट वाटला जातो. याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक, मूळ गेम तुमच्याकडे असेल तरच चालणारी भर. तिला 'मॉड' म्हणतात. दुसरा, स्वतंत्रपणे चालणारा, पण ज्यातली पात्रं आणि जग दुसऱ्याचं आहे असा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 2016 सालची गोष्ट. त्या ऑगस्टमध्ये असे दोन गेम लागोपाठ बाहेर आले. पहिला 'एएमटूआर'. निन्टेंडो कंपनीचा 'मेट्रॉइड टू' हा 1991चा गेम होता; अर्जेंटिनातल्या मिल्टन ग्वास्ती यांनी अनेक वर्षं खपून तो नव्याने रचला. दुसरा 'पोकेमॉन युरेनियम'. त्यावर निर्मात्यांनी नऊ वर्षं काम केलं होतं, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार तो 15 लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला. दोन्ही फुकट. थोड्याच दिवसांत निन्टेंडोकडून नोटिसा गेल्या आणि अधिकृत दुवे बंद झाले.

इथवर नवल काही नाही. खरी गोष्ट पुढे आहे. त्याच वर्षाअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या सोहळ्यात 'सर्वोत्तम चाहता-निर्मिती' असा विभाग होता. नामांकनांच्या यादीत हे दोन्ही गेम होते. आणि मग एके दिवशी ते यादीत नव्हते. कुणाला सूचना नाही, यादीखाली टीप नाही. लोकांनी विचारणा केल्यावर खुलासा आला : कायदेशीर मोकळीक नसलेल्या कृती कार्यक्रमात घेता येत नाहीत. पुरस्कार 'एन्डेराल' या, 'स्कायरिम'वर उभ्या केलेल्या मॉडला मिळाला. तो गुणी होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दोघांचं काय?

माझा आजचा सगळा मुद्दा या प्रसंगात आहे. आयोजकांची चूक कोणती? नावं काढली ही? की आधी घातली ही? मला वाटतं दोन्ही नाही. चूक ही, की नियम आधी ठरलेला दिसत नव्हता, आणि नंतर तो गुपचूप लागू झाला.

आपल्या भाषेतला शब्दच पाहा. 'पुरस्' म्हणजे पुढे, 'कार' म्हणजे करणे. पुरस्कार म्हणजे एखाद्याला पुढे करणे. म्हणूनच 'एखाद्या मताचा पुरस्कार करणे' असंही आपण म्हणतो. तिथे बक्षीस नसतं, जबाबदारी असते. ज्याला पुढे केलं त्याच्यावर उजेड पडतो, आणि उजेडात तो ज्यांना दिसू नये अशी त्याची इच्छा होती त्यांनाही दिसतो. चाळीस जणांच्या वर्तुळात फिरणारा गेम पुरस्काराने जगासमोर येतो, मग वकिलाच्या टेबलावरही येतो. तेव्हा पुरस्कार देणारा नुसता टाळ्या वाजवणारा नसतो. तो समोरच्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करत असतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका एकांकिका स्पर्धेत परीक्षक होतो. आम्ही ज्या एकांकिकेला पहिलं बक्षीस दिलं ती एका परदेशी कथेचं रूपांतर होती, आणि परवानगी घेतलेली नव्हती. निकालानंतर कुणीतरी तक्रार केली. आयोजकांनी काय केलं? बक्षीस संघाकडेच ठेवलं, पण लेखनाच्या प्रमाणपत्रावरून त्या मुलाचं नाव काढून टाकलं. त्याला कारण सांगितलं नाही. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. त्या मुलाने रूपांतर फार चांगलं केलं होतं. मूळ लेखकाचं नाव त्याने आपणहून जाहिरातीत छापलं होतं. त्याला नीट सांगता आलं असतं : तुझं काम चांगलं आहे, परवानगी हवी होती, म्हणून निर्णय असा. ते कुणी केलं नाही, मीही नाही. पुढे त्याने काही लिहिल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

आता कायद्याकडे येऊ. मी वकील नाही, पण चार गोष्टी सामान्य माणसालाही माहीत हव्यात. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या विशिष्ट आविष्काराला असतो. खड्डे ओलांडत, उड्या मारत पुढे जाणारा गेम कुणीही करावा. टोपीवाला मारिओ मात्र कुणाचा तरी आहे. दुसरं, 'मी पैसे घेतले नाहीत' हे सौम्य करणारं कारण आहे, निर्दोष ठरवणारं नव्हे. आपल्या 1957च्या कायद्यात संगणक-प्रणाली ही साहित्यकृतीत मोडते आणि रूपांतराचा हक्क मूळ मालकाचा असतो. कलम 52 मध्ये अपवाद आहेत, समीक्षेसाठी, खासगी अभ्यासासाठी वगैरे. पण संपूर्ण फॅन-गेम जाहीरपणे वाटणं त्यात आपोआप बसत नाही.

एक अमेरिकन खटला आयोजकांनी तर जरूर लक्षात ठेवावा. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या गेमबरोबर नवे टप्पे रचण्याचं साधन मिळत असे, आणि खेळाडूंनी ते फुकट वाटावेत अशी मुभा होती. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने असे 300 टप्पे इंटरनेटवरून गोळा केले, सीडीवर घातले आणि विकले. 1998 साली अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. गंमत अशी की त्या फायलींमध्ये मूळ गेमचं एकही चित्र नव्हतं; कुठलं चित्र कुठे ठेवायचं एवढ्याच सूचना होत्या. तरी न्यायालय म्हणालं, ही ड्यूकचीच पुढची कथा आहे, आणि ती सांगण्याचा हक्क मालकाचा. म्हणजे ज्याने प्रेमाने रचलं त्याला मुभा होती. ज्याने गोळा करून दुकान मांडलं तो अडकला. आयोजकही गोळाच करत असतात, हे विसरू नका.

कायदा एकच असला तरी मालकांची वागणूक एकसारखी नसते. 'डूम' हा गेम 10 डिसेंबर 1993ला आला. 1997 साली आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड खुला केला. चित्रं, आवाज आणि मूळ टप्पे मात्र राखून ठेवले. त्यामुळे चाहते आपले टप्पे वेगळ्या फाइलमध्ये देतात, आणि खेळणाऱ्याने मूळ गेम स्वतः आणायचा. या सोयीवर एक आख्खी परंपरा उभी राहिली. 2004 पासून 'काकोवॉर्ड्स' नावाने त्या चाहत्यांचे वार्षिक पुरस्कार आहेत. ते डूमच्या वाढदिवशी जाहीर होतात. त्यात एक सन्मान सर्वांत जास्त वर्षं रखडून अखेर पूर्ण झालेल्या कामासाठी आहे! आमच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीही असा एक असायला हरकत नव्हती. सेगा कंपनीच्या 'सॉनिक'बद्दल असंच. चाहत्यांच्या सॉनिक गेमचं प्रदर्शन 2000 पासून भरतं, आणि 2017चा अधिकृत 'सॉनिक मेनिया' कंपनीने अशा चाहत्यांमधूनच पुढे आलेल्या लोकांकडून करून घेतला. दुसऱ्या टोकाला निन्टेंडो : त्याच 2016 साली 'गेम जोल्ट' या संकेतस्थळावरून एका नोटिशीने 562 गेम उतरवले गेले.

मग न्याय्य काय? जॉन लॉकने सांगितलं, ज्यात माणूस आपले श्रम मिसळतो ते त्याचं होतं. पण लॉकचं शेत कुणाचं नव्हतं. इथे शेत दुसऱ्याचं आहे, आणि नऊ वर्षांचा घाम आपला. कांटने 1785 साली पुस्तकांच्या चोरट्या छपाईवर एक लेख लिहिला, तो इथे जास्त उपयोगी पडतो. तो म्हणतो, पुस्तक म्हणजे लेखकाचं वाचकांशी बोलणं. चोरटा छापणारा लेखकाच्या नावाने, त्याने न नेमता बोलतो, हा त्याचा अपराध. पण कुणी ते पुस्तक बदललं आणि आपल्या नावाने प्रसिद्ध केलं, तर तो स्वतःच्या तोंडाने बोलतो आहे. तो अपराध नाही. आजचा कायदा कांटच्या वाटेने गेला नाही, हे खरं. पण परीक्षकाला कांटकडून एक कसोटी मिळते : हा निर्माता कुणाच्या नावाने बोलतो आहे? 'हे अधिकृत नाही, मूळ अमक्याचं, भर माझी' असं तो स्वच्छ सांगतो का? कायदेशीर मोकळीक ही एक गोष्ट, प्रामाणिकपणा ही दुसरी. पुरस्कार देताना दोन्ही तपासाव्यात, पण एकीच्या जागी दुसरी ठेवू नये.

यातून आयोजकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात.

पहिली : पात्रतेचा नियम प्रवेशिका मागवण्याआधी लिहा. मॉड चालतील का, स्वतंत्र फॅन-गेम चालतील का, नोटीस आलेली कृती चालेल का? उत्तर काहीही असो, आधी असू द्या.

दुसरी : निवडणं, दाखवणं आणि वाटणं ही तीन वेगळी कामं आहेत. 'हा गेम उत्तम आहे' हे मत आहे, समीक्षा आहे. त्यातली दृश्यं सोहळ्यात दाखवणं ही पुढची पायरी. गेमच स्वतःच्या सर्व्हरवरून वाटणं ही तिसरी, आणि सर्वांत जोखमीची. पहिल्यासाठी तिसरी लागत नाही. फाइल निर्मात्याच्या पानावरच राहू द्या.

तिसरी : पैसा दूर ठेवा. प्रवेश फी, तिकीट, प्रायोजक, विजेत्यांचा विकाऊ संच, यातलं काहीही आलं की मायक्रो स्टारची आठवण ठेवा.

चौथी : ज्याला पुढे करणार त्याला आधी विचारा. कित्येकांना लहान वर्तुळातच राहायचं असतं. 'नको' म्हणण्याचा त्यांना हक्क आहे.

पाचवी : चाहत्यांचं चाहत्यांशीही देणं असतं. एकाने काढलेली चित्रं, दुसऱ्याने बांधलेलं संगीत तिसरा उचलतो आणि नाव घेत नाही. मोठ्या कंपनीविरुद्ध ओरडणारे लोक शेजाऱ्याचं श्रेय बिनदिक्कत गिळतात, हे मी पाहिलेलं आहे. श्रेययादी नसेल तर प्रवेशिका परत पाठवा.

आणि सहावी : नोटीस आली तर काय करायचं हे ठरवून ठेवा. फाइल किंवा दुवा काढावा लागेल, काढा. पण नाव खोडू नका. यादीत नाव राहू द्या आणि खाली दोन ओळी लिहा : अमुक तारखेला, अमुक कारणाने दुवा काढला. फाइल वाटण्यावर बंदी येऊ शकते. असं एक काम झालं होतं या सत्यावर कुणाचा कॉपीराइट नाही.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे : "सर, नोटीस आली म्हणजे निर्माता चोर ठरला का?" नाही. नोटीस हा दावा आहे, निकाल नव्हे. अमेरिकन पद्धतीत उलट-नोटीस देता येते. आपल्याकडे तक्रारीनंतर 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर संकेतस्थळाला मजकूर पुन्हा सुरू करता येतो. पण एकटा विद्यार्थी मोठ्या कंपनीशी झगडायला सहसा उभा राहत नाही, हेही खरं. म्हणून तर समुदायाने त्याला चोर न म्हणणं महत्त्वाचं.

त्या एएमटूआरचं पुढे काय झालं? 2017 साली निन्टेंडोने स्वतःच 'मेट्रॉइड टू'ची नवी आवृत्ती काढली. आणि ग्वास्ती यांना एका व्यावसायिक स्टुडिओने कामावर घेतलं. 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या गाजलेल्या गेमवर त्यांनी काम केलं. म्हणजे कुणीतरी त्यांचं काम पाहिलं होतं, नाव लक्षात ठेवलं होतं. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

माझ्या त्या एकांकिकावाल्या मुलाचं नाव मला आजही आठवतं. प्रमाणपत्रावर ते नाही. तुम्ही स्पर्धा भरवाल तेव्हा बक्षीस कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नाव काढायची वेळ आली तर निदान त्याला समोर बसवून कारण सांगा.