विविध माहितीस्रोतांचा मेळ व सेवाप्रधान संगणकरचना : वाशिष्ठीच्या पुराचे उदाहरण

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण शहर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुरात सापडले. अशा पुराची आगाऊ सूचना देणारी संगणकप्रणाली रचावयाची झाल्यास तीस निदान चार प्रकारची माहिती लागेल : सह्याद्रीवरील पाऊस, नदीची पातळी, कोळकेवाडी येथून होणारा विसर्ग आणि दाभोळच्या खाडीतील भरती-ओहोटी. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीस मिळते. आणि खाडीस भरती असता नदीच्या पाण्याचा निचरा मंदावतो. यास्तव यांपैकी एकही घटक वगळता येत नाही. परंतु ही माहिती एका खात्याकडे नसून हवामान, जलसंपदा, वीजनिर्मिती व सर्वेक्षण अशा निरनिराळ्या यंत्रणांच्या हाती असते.

सर्व नोंदींची नक्कल करून त्या एकाच कोठारात साठवाव्या, हा उपाय नवशिक्यास प्रथम सुचतो. तथापि एखाद्या खात्याने आपल्या तक्त्याची मांडणी बदलली की अशी प्रणाली कोलमडते. सेवाप्रधान रचनेत प्रत्येक यंत्रणा आपली माहिती स्वतःकडेच ठेवते आणि ठरलेल्या प्रश्नास ठरलेल्या स्वरूपात उत्तर देणारी ‘सेवा’ तेवढी उपलब्ध करते. जे बदलण्याचा संभव आहे ते घटकाच्या आत झाकून ठेवावे, हे तत्त्व डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडले होते. प्रस्तुत रचना त्याच तत्त्वास धरून आहे.

खरी अडचण मात्र जोडणीची नसून अर्थाची आहे. हवामान खात्याचा दैनिक पाऊस हा सकाळी ८.३० वाजता संपणाऱ्या २४ तासांचा असतो. रात्रीतून चढणाऱ्या पुरास तो आकडा उशिरा पडतो, म्हणून तासागणिक नोंद मागावी लागते. धरणाची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून, तर भरतीची उंची सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून मोजतात; दोहोंची थेट तुलना केल्यास उत्तर चुकते. तिसरी बाब अधिक धोक्याची होय. पर्जन्यमापक बंद पडला असता ‘नोंद नाही’ असे उत्तर यावयास हवे. त्याऐवजी ‘शून्य’ आल्यास मुसळधार पावसातही प्रणाली कोरडे हवामान गृहीत धरील आणि नदीकाठच्या वस्तीस इशारा मिळणार नाही.

म्हणून विद्यार्थ्याने आज्ञावली लिहिण्यापूर्वी प्रत्येक सेवेचा करार लिहावा. एकक, मोजणीची वेळ, आधारपातळी, ठिकाणाचा संकेतांक आणि माहिती नसल्यास द्यावयाचे उत्तर, या पाच बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. आरंभी पाऊस व भरती या दोनच सेवा जोडून, त्यांतील एक मुद्दाम बंद करून पाहावी. उरलेल्या माहितीवर प्रणाली निर्धास्तपणे अंदाज देत राहिली, तर करार अपुरा आहे असे समजावे; अंदाज कोणत्या नोंदीवाचून केला आहे हे तिने सांगितले, तरच तिसरी सेवा जोडण्यास हरकत नाही.