मुरलेली मदिरा : बारोलो आणि दख्खन

परभणीकडील घरांत उन्हाळ्यांत घातलेलें कैरीचें लोणचें लगेच पानांत वाढीत नाहींत. कैरीचा आंबटपणा आणि मोहरीची उग्रता एकमेकांत मिसळण्यास काळ लागतो, हें प्रत्येक गृहिणी जाणते. इटलीच्या वायव्येकडील बारोलो नांवाच्या तांबड्या मदिरेचें मर्म याच अनुभवावरून ध्यानांत येईल. मग कोणी मदिरा घेवो वा न घेवो.

आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं पीडमाँट प्रांत आहे. तेथील लांगे टेकड्यांवर, बारोलो व शेजारचीं दहा गांवें यांच्या हद्दींत, नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासून ही मदिरा तयार होते. हें द्राक्ष उशिरां, ऑक्टोबरांत, टेकड्यांवर धुकें उतरूं लागतें त्या सुमारास तोडतात. हिरडा चघळला असतां जो तुरटपणा जाणवतो, तशाच जातीचें टॅनिन नांवाचें द्रव्य याच्या सालींत व बियांत विपुल असतें. जोडीला आम्लताहि तीव्र. त्यामुळें नवी मदिरा तोंड आवळून टाकते. पुढें पिंपांत लाकडावाटे किंचित् हवा पोंचते, तुरट द्रव्याचे कण एकमेकांस जडतात, कांहीं गाळ होऊन तळाशीं बसतात आणि चव मवाळ होते. ही मुदत कायद्यानेंच ठरविली आहे : सुगीच्या वर्षींच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांपैकीं १८ लाकडी पिंपांत. 'रिझेर्वा' म्हणविणाऱ्या मदिरेस ६२ महिने लागतात.

मग नाशिककडील बहुतेक मदिरा इतकीं वर्षें कां मुरवीत नाहींत? याचें उत्तर आळसांत नसून हवामानांत आहे. पीडमाँटची वेल हिवाळ्यांत पानें गाळून निद्रिस्त होते. दख्खनच्या वेलीस अशी झोंप नाहीं. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूतानें तेथें द्राक्षें वर्षांतून दोनदां येतात, अशी नोंद केली आहे. परंतु पावसाळ्यांतील पिकावर केवड्यासारखे रोग पडतात. म्हणून शेतकरी एप्रिलांत खरड छाटणी करून केवळ काडी तयार करतो, ऑक्टोबरांत गोडी छाटणी करतो आणि फेब्रुवारी-मार्चांत एकच पीक घेतो. बारोलोचें द्राक्ष थंडी वाढत असतां पिकतें, म्हणून त्याची आम्लता टिकते. येथील द्राक्ष ऊन चढत असतां पिकतें, साखर लवकर भरते व आम्लता उतरते.

म्हणून परक्या मदिरेचें वय पाहून येथें तितकींच वर्षें पिंपें भरून ठेवणें हें शहाणपण नव्हे. 'जुनें तें सोनें' ही म्हण येथें अर्धीच खरी ठरते. काळ नवा गुण निर्माण करीत नाहीं. असलेल्या गुणाचा कडकपणा तेवढा उतरवितो. ज्या फळांत झिजवावयास कांहीं नाहीं, तें मुरत नाहीं, शिळें होतें. नाशिक खोऱ्याच्या मदिरेस भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली आहे. तिची खरी ओळख दुसऱ्याच्या वयाची उसनवारी करून नव्हे, तर स्वतःच्या मातीचें व उन्हाचें मोल ओळखूनच टिकेल.