खिडकीच्या काचेवरील पाणी : ब्रिटनमधील काचसफाईचा व्यवसाय आणि ग्राहकांची जलविषयक दृष्टी

बीजशब्द : काचसफाई, दुष्फेन पाणी, नळीबंदी, दृश्य व अदृश्य जलवापर, श्रमसुरक्षा

प्रस्तावना

पाण्याच्या काटकसरीविषयी नागरिक काय बोलतो आणि प्रत्यक्षात काय करतो, यांतील अंतर हा पर्यावरणविषयक सामाजिक अभ्यासात पुष्कळ चर्चिला गेलेला विषय आहे. मात्र ही चर्चा बहुधा स्नानगृह, स्वयंपाकघर आणि बाग यांच्यापुरतीच राहते. तेथे पाणी वापरणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच असतो. दुसरा कोणी पैसे घेऊन आपल्या घराच्या भिंतीवर पाणी सोडतो, तेव्हा ग्राहकाची पर्यावरणनिष्ठा कोणते रूप घेते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. ब्रिटनमध्ये घरोघर जाऊन खिडक्या पुसणाऱ्या व्यावसायिकांच्या उदाहरणावरून तो चांगला समजावून घेता येतो.

ब्रिटन हा पावसाचा देश, तेथे पाण्याचा तुटवडा कसला, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वस्तुतः लंडनचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याहूनही कमी आहे. दाट वस्तीच्या आग्नेय इंग्लंडमध्ये दुष्काळी उपाययोजना हा वारंवार येणारा अनुभव आहे. या पार्श्वभूमीवर खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी ग्राहकाच्या डोळ्यांत खुपते. ते खुपणे कितपत रास्त आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

व्यवसायाचे स्वरूप आणि त्यातील स्थित्यंतर

ब्रिटनमधील निवासी काचसफाई ही बहुतांशी एकट्या-दुकट्याने चालविलेली स्वयंरोजगाराची वाट आहे. ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली घरे आणि दर चार किंवा आठ आठवड्यांनी फेरी, अशी तिची घडी असते. ग्राहक घरी असलाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा सफाई उरकून चिठ्ठी दारात टाकली जाते आणि पैसे मागाहून मिळतात.

या कामाचे जुने साहित्य म्हणजे बादली, फडके, शिडी आणि रबरी पट्टीचा हातवायपर. या वायपरला आजचे रूप दिले ते इटलीहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एत्तोरे स्टेकोने यांनी. त्यांनी १९३६ साली त्याचे पेटंट घेतले. बादलीतील साबणपाणी काचेवर लावावयाचे आणि वायपरने ते संपूर्ण ओढून घ्यावयाचे, ही ती पद्धत. येथे पाणी काचेवर वाळू दिले जात नाही, म्हणून ते कितीही क्षारयुक्त असले तरी बिघडत नाही. एक बादली दोन-तीन घरांना पुरते. म्हणजे एका घरामागे पाण्याचा खर्च जेमतेम काही लिटर.

गेल्या सुमारे तीन दशकांत या पद्धतीची जागा मोठ्या प्रमाणावर 'वॉटर-फेड पोल' या साधनाने घेतली. प्रस्तुत लेखात त्यास नळीदांडा म्हटले आहे. हा एकात एक सरकणारा हलका, लांब दांडा असतो, त्याच्या टोकास ब्रश आणि आतून पाण्याची बारीक नळी असते. कामगार जमिनीवर उभा राहून वरच्या मजल्याची काच घासतो, त्याच ब्रशमधून येणाऱ्या पाण्याने ती धुतो, आणि ती तशीच ओली सोडून पुढे जातो.

या स्थित्यंतरामागे वेगाचा आणि सोयीचा भाग आहेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण शिडी हे आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या मृत्यूंमध्ये 'उंचीवरून पडणे' हे कारण ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे आघाडीवर राहिलेले आहे. ६ एप्रिल २००५ रोजी तेथे उंचीवरील कामासंबंधीचे नवे नियम अमलात आले. जे काम जमिनीवरून करणे व्यवहार्य आहे ते उंचीवर चढून करू नये, हे त्यांतील पहिले सूत्र होय. या नियमांनी शिडीवर बंदी घातली, असा एक समज पसरला. तो खरा नाही. अल्पकाळाच्या, कमी जोखमीच्या कामास शिडी आजही चालते. तथापि नळीदांडा उपलब्ध असताना शिडी का वापरली, या प्रश्नाचे उत्तर आता द्यावे लागते. म्हणून काचेवरून वाहणाऱ्या त्या पाण्याकडे पाहताना, ते कामगाराच्या हाडांच्या बदल्यात खर्च होत आहे, हे विसरता येत नाही.

शुद्ध पाण्याचे गणित

काच ओली सोडून जावयाची तर पाणी वाळल्यावर मागे काही उरता कामा नये. लंडन व आग्नेय इंग्लंडचे भूजल खडूच्या थरांतून झिरपत येते. ते पाठ्यपुस्तकी भाषेत दुष्फेन, बोलीत जड असते. ते काचेवर वाळले की कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके उरतात. म्हणून नळीदांड्यास जवळजवळ क्षारविरहित पाणी लागते. ते मिळविण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आयन-विनिमय राळेचा. नळाचे पाणी राळेच्या मण्यांतून जाते, क्षारांचे आयन मण्यांना चिकटतात आणि शुद्ध पाणी बाहेर पडते. यात पाणी वाया जात नाही. पण जड पाण्याच्या प्रदेशात राळ लवकर संपते. मग ती टाकून द्यावी लागते किंवा आम्ल व अल्कली वापरून कारखान्यात पुनरुज्जीवित करावी लागते. दुसरा मार्ग व्युत्क्रम परासरणाचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील आर.ओ. यंत्राचा. पडद्यातून शुद्ध पाणी पलीकडे जाते आणि क्षारांनी दाटलेले उरलेले पाणी सांडपाण्यात सोडले जाते. पाण्याचा दाब, तापमान व यंत्राची जुळणी यांवर प्रमाण अवलंबून असले, तरी लहान व्यावसायिकाच्या यंत्रात एका लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण एक लिटर टाकाऊ पाणी निघते असे धरावयास हरकत नाही. आपल्याकडील घरगुती यंत्रांत तर हे प्रमाण पुष्कळदा याहून वाईट असते. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने, जेथे पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तेथे आर.ओ. यंत्रांवर बंदी घालण्याचा आणि इतरत्र किमान ६० टक्के पाणी परत मिळविण्याचा निर्देश दिला होता, तो याच कारणाने.

आता एका साध्या दुमजली घराचा हिशेब मांडू. ब्रशमधून मिनिटाला दीड लिटर पाणी येते आणि काम वीस मिनिटे चालते असे धरले, तर काचेवर ३० लिटर पाणी पडते. शुद्धीकरणातील टाकाऊ पाणी मिळविता नळाचे सुमारे ६० लिटर पाणी खर्ची पडते. बादलीच्या पद्धतीशी तुलना करता हे दसपटीहून अधिक आहे. नळीदांडा पाणी अधिक वापरतो, ही ग्राहकाची शंका येथपर्यंत निर्विवाद बरोबर आहे. व्यवसायातील काही मंडळी हे मान्य करावयास कचरतात, ते योग्य नव्हे. शुद्ध पाण्याच्या पद्धतीत साबण वा रसायन लागत नाही ही जमेची बाजू खरी. पण ५०० लिटरची टाकी भरलेली गाडी दिवसभर ५०० किलो पाणी वाहून नेते आणि त्यापोटी इंधन जाळते, हेही त्याच हिशेबात धरावयास हवे.

ग्राहकास काय दिसते

ग्राहकाच्या नेहमीच्या तक्रारी दोन. एक, माणूस काच पुसत नाही, नुसती भिजवून जातो. दुसरी, पाणी वाया घालवितो. पहिल्या तक्रारीचे मूळ श्रमाच्या जुन्या प्रतिमेत आहे. शिडीवर चढलेला, फडके फिरविणारा माणूस कष्ट करताना दिसतो, जमिनीवर उभा राहून दांडा हलविणारा तसा दिसत नाही. दुसऱ्या तक्रारीचे मूळ पाण्याच्या दृश्यतेत आहे, आणि तिचाच येथे अधिक विचार करावयाचा आहे.

काचेवरून ओघळणारे ३० लिटर पाणी ग्राहकास दिसते. शुद्धीकरणातील दुसरे ३० लिटर मात्र सफाई कामगाराच्या स्वतःच्या घरी, रात्री टाकी भरताना, गटारात गेलेले असते. ते ग्राहकास दिसत नाही, त्याविषयी तो विचारीतही नाही. म्हणजे ज्या निम्म्या पाण्याविषयी तक्रार करण्यास सर्वाधिक आधार आहे, नेमके तेच तक्रारीतून सुटते. प्रमाणाचे भान हा आणखी निराळा प्रश्न. इंग्लंडमध्ये माणशी दैनंदिन घरगुती वापर सुमारे १४० लिटर आहे. मिनिटाला आठ-दहा लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याखाली सहा-सात मिनिटे केलेल्या स्नानास, महिन्यातून एकदा होणाऱ्या खिडक्यांच्या सफाईइतकेच पाणी लागते. शौचालयाच्या टाकीतून गुपचूप झिरपणारे पाणी तर एका दिवसात याच्या कितीतरी पट होते, आणि त्याचा आवाजही येत नाही.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या शहजीन अत्तारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. सुमारे एक हजार व्यक्तींना विविध कामांस किती पाणी लागते याचा अंदाज करावयास सांगितले असता, त्यांनी सरासरीने निम्म्याच वापराचा अंदाज केला. अधिक पाणी खाणाऱ्या कामांबाबत चूक अधिक मोठी होती. बचतीचा उपाय म्हणून बहुतेकांनी सुचविले ते वापर कमी करणे, अर्थात स्नान थोडक्यात आटोपणे. गळके वा जुनाट उपकरण बदलणे फार थोड्यांना सुचले. हा अभ्यास काचसफाईविषयी नाही. परंतु डोळ्यांसमोर वाहणारे पाणी आणि एखाद्याचे थांबविता येण्याजोगे वर्तन यांकडेच लक्ष वळते, ही प्रवृत्ती दोन्हीकडे सारखी दिसते. त्यातही ते वर्तन दुसऱ्याचे असले, तर थांबविण्याचा आग्रह धरणे अर्थातच सोपे जाते.

यास पैशाची बाजूही आहे. इंग्लंडमधील साधारण साठ टक्के घरांना पाण्याचे मीटर आहेत, उरलेली घरे ठरावीक आकार भरतात. बहुतेक कामगार पाणी स्वतःच्या घरून आणतात, त्यामुळे ग्राहकाच्या देयकावर त्याचा भार पडत नाही. ग्राहकाच्याच नळाला नळी जोडली, तरी खर्च काही पेन्सचा असतो. तेव्हा ग्राहकाची नाराजी निव्वळ कंजूषपणाची म्हणता येत नाही. ती खरीखुरी नैतिक नाराजी आहे, फक्त तिचा रोख चुकीच्या जागी आहे. त्याच कामगारास आपुलकीने दिलेल्या चहाच्या एका कपामागे, जलपदचिन्हाच्या अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे, मळ्यापासून कपापर्यंत सुमारे ३० लिटर पाणी लागलेले असते. तो चहा देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही!

कायद्याची नळी

ग्राहकाची नजर नळीवर खिळते, तशीच कायद्याचीही खिळलेली आहे. पूर्वी इंग्लंड व वेल्समधील नळीबंदी खाजगी बागांना पाणी घालणे व खाजगी मोटारी धुणे, एवढ्यापुरतीच होती. २०१० च्या पूर व जलव्यवस्थापन कायद्याने ही यादी वाढविली आणि तीत निवासी इमारतींच्या भिंती व खिडक्या नळीने धुणे समाविष्ट झाले. उल्लंघनास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बिगरनिवासी इमारतींच्या खिडक्यांसाठी मात्र केवळ कंपनीची बंदी पुरत नाही. त्यास वेगळा दुष्काळ आदेश लागतो.

यातील एक बारकावा व्यावसायिकांच्या दृष्टीने निर्णायक आहे. नळीचा वापर म्हणजे केवळ नळास जोडलेली नळी नव्हे. पाणीपुरवठा कंपनीचे पाणी आधी टाकीत भरून मग नळीने वापरणे हेही त्या व्याख्येत येते. त्यामुळे गाडीतील टाकी ही पळवाट ठरत नाही. छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी मात्र कंपनीचे नसल्याने बंदीबाहेर राहते. नव्या यादीनुसार मोठ्या क्षेत्रावरील बंदी ५ एप्रिल २०१२ रोजी सात कंपन्यांनी लागू केली. त्यापाठोपाठ तो एप्रिल १९१० पासूनच्या नोंदींतील ब्रिटनचा सर्वांत ओला एप्रिल ठरला, हा निसर्गाचा विनोद. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात आणि जुलै २०२५ मध्ये यॉर्कशायर व आग्नेयेकडील भागांत पुन्हा बंदी आली. अशा वेळी ज्यांचा चरितार्थ त्या कामावर आहे त्यांना कंपन्या बहुधा सूट देतात, परंतु ती कंपनीगणिक बदलते. सूट असलेला कामगारही भर बंदीत नळी घेऊन रस्त्यावर दिसला की शेजाऱ्यांच्या रोषास पात्र होतो, कारण सूट ही कागदावर असते आणि नळी डोळ्यांसमोर. याच काळात पाणी कंपन्यांच्या भूमिगत वाहिन्यांतून पुरवठ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा गळून जात असतो. कंपन्या ती गळती कमी करीत आहेत, तरीही एका बाजूस ती आणि दुसऱ्या बाजूस ब्रशमधून मिनिटाला पडणारे दीड लिटर, हे प्रमाण ध्यानात ठेवावयास हवे.

ग्राहकाच्या हाती काय

ग्राहकाने आपली आस्था गुंडाळून ठेवावी, असा याचा अर्थ नाही. त्याने विचारावयाचे प्रश्न बदलावेत. पाणी कशाने शुद्ध करता आणि टाकाऊ पाण्याचे काय करता, हा पहिला प्रश्न. दाटलेले पाणी पिण्यायोग्य वा काचेयोग्य नसले तरी अंगण धुण्यास, शौचालयास किंवा गाडी धुण्यास चालते, आणि काही व्यावसायिक ते तसे वापरतात. पावसाचे पाणी साठविता का, हा दुसरा. पावसाच्या पाण्यात क्षार मुळातच अत्यल्प असल्याने गाळणी व थोडी राळ यांवर काम भागते आणि टाकाऊ पाणी जवळजवळ उरतच नाही. तळमजल्याच्या खिडक्यांना बादली व वायपर चालेल का, हा तिसरा. तेथे शिडीचा प्रश्न नसल्याने पाणी वाचविताना कोणाचा जीव धोक्यात येत नाही.

खरा मोठा निर्णय मात्र ग्राहक बहुधा पहिल्याच दिवशी, फारसा विचार न करता घेऊन मोकळा झालेला असतो, आणि तो म्हणजे फेरीचा. चार आठवड्यांऐवजी आठ आठवड्यांनी खिडक्या धुऊन घेतल्या तर वर्षाच्या तेरा फेऱ्यांच्या सहा-सात होतात. एका फेरीस काम थोडे अधिक लागते, तरी वरील हिशेबाने वर्षाकाठचे सुमारे ७८० लिटर पाणी चारशेच्या आसपास येते. पण त्या फेऱ्यांबरोबर कामगाराचे उत्पन्नही घटते. म्हणून आठ आठवड्यांच्या फेरीस बरेच व्यावसायिक दर फेरीमागे अधिक दर सांगतात. पाण्याविषयी तक्रार करणारा ग्राहक हा वाढीव दर ऐकून काय उत्तर देतो, हे त्या दारापाशीच पाहावयास मिळते.