आंघोळ कशासाठी?

इस्लामपूरहून दक्षिणेला वारणेच्या अंगाने निघाले की ऐतवडे बुद्रुक लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे या गावचे. जन्म मात्र आजोळी, कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७ चा. घर जैन, पण शेतकऱ्याचे. आपल्याकडचा जैन म्हणजे पेढीवर बसणारा नव्हे, नांगराच्या मागे चालणारा, हे परगावच्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते.

भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत आपल्यापैकी कितीजणांची पोरे शिकली असतील! त्या शाळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज सांगायची आहे ती एका न केलेल्या आंघोळीची हकीकत.

भाऊराव कोल्हापुरास शिकत होते आणि जैन बोर्डिंगात राहत होते. खेड्यापाड्यातल्या आपल्या मुलांनी शिकावे म्हणून समाजातील जाणत्या मंडळींनी हे बोर्डिंग मोठ्या कळकळीने चालवले होते. तिथे धर्माचे नियम कडक. जेवायला बसायचे ते सोवळे नेसून. सोवळे म्हणजे काय, हे आता नव्या सुनांना सांगावे लागेल. धुतलेले वस्त्र उंच दांडीवर वेगळे वाळत घालायचे, काठीने काढायचे, नेसल्यावर कुणाला शिवायचे नाही. चुकून पोर येऊन बिलगले तरी सारे पहिल्यापासून!

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शाहू महाराजांचा या कामाला पाठिंबा होता. उद्घाटनाच्या समारंभाला भाऊराव हौसेने गेले आणि परत आले. बोर्डिंगात त्यांना सांगण्यात आले की, आधी आंघोळ करा, मग जेवायला या. भाऊराव नाही म्हणाले. समजावून झाले, दटावून झाले, ते ऐकेनात. अखेर बोर्डिंग सोडावे लागले.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? दोन तांबे अंगावर ओतले असते तर काय बिघडले असते? घरच्या वडीलधाऱ्यांनीही बहुधा हेच सांगितले असते. शिक्षण बुडवून घेण्यापेक्षा डोके ओले करणे केव्हाही स्वस्त. पण ती आंघोळ केली, तर ज्या पोरांच्या शेजारी आपण बसलो ती विटाळाची होती, असे आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखे झाले असते. पाणी साधेच होते, त्याचा अर्थ साधा नव्हता.

आणि धर्म तरी कोणता? किडामुंगी मरू नये म्हणून दिवेलागणीच्या आत जेवणारा, पाणी गाळून पिणारा. त्या धर्मात माणसाच्या अंगाचा विटाळ कुठून आला? तीर्थंकरांच्या शिकवणीत तो नव्हता. आजूबाजूची रीत बघून घरात शिरला आणि पुढे तोच धर्म होऊन बसला. सगळ्याच धर्मांत असे होते. शेतात तण पेरावे लागत नाही.

बोर्डिंगचा कारभार त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. हे गृहस्थ काही जुन्या वळणाचे कर्मठ नव्हते. विद्वान होते, सुधारणेच्या बाजूचे होते, पुढे शाहू महाराजांचे चरित्र त्यांनीच लिहिले. मग त्यांनी हा नियम का लावून धरला असेल? मला वाटते, संस्था समाजाच्या वर्गणीवर चालते आणि वर्गणी देणाऱ्याला दुखवून भागत नाही, ही अडचण त्यांच्यापुढे असणार. नियम सांगणाऱ्या पुष्कळांचा त्या नियमावर स्वतःचा विश्वास नसतो. गावच्या पंचांतही अशी माणसे आपण बघतोच.

भाऊरावांनी मात्र या गोष्टीची अढी धरली नाही. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण झाले. संशय लठ्ठ्यांवर आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर पोलिसांनी दडपण आणले. त्यांनी छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. ज्यांच्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले त्यांच्यासाठीच हे सोसले.

आपल्याच भागातल्या एका शाळेत ज्ञानदेव घोलप नावाचा मुलगा अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसून शिकताना भाऊरावांनी पाहिला. त्याला त्यांनी थेट मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन घातले. हेच घोलप पुढे डॉ. आंबेडकरांनी काढलेल्या ‘मूकनायक’ पत्राचे संपादक झाले आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलातही बसले. वर्गाबाहेरचे पोर कौन्सिलात!

तोवर सत्यशोधकांचे वारे साऱ्या सातारा जिल्ह्यात पसरले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्यांचे मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातले कटगुण. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, एवढेच त्यांचे म्हणणे. बाजारात गूळ विकायला नेणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागत नसे. जलशातून, गावोगावच्या सभांतून भाऊरावही हेच सांगत फिरले. कऱ्हाडजवळच्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. त्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरे एका पंगतीला बसत. जेवायला कुणी कुणाला आंघोळ विचारत नसे.

हे सगळे भाऊरावांच्या नावावर जमा आहे आणि ते रास्तच आहे. पण एक गोष्ट बायाबापड्यांनी तरी विसरू नये. पुरुषाने धर्माला प्रश्न विचारला की तो सभेत विचारतो, चारजण ऐकतात. त्याचे उत्तर मात्र घरी चुलीपाशी द्यावे लागते आणि तिथे असते ती बाई. लक्ष्मीबाई कुंभोजच्या पाटील घराण्यातल्या. खात्यापित्या घरात सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, देवाधर्माच्या. नवऱ्याने घरात जातीपातीची पोरे आणली तेव्हा लहानपणापासून अंगात मुरलेले सारे त्यांना मोडावे लागले, तेही स्वतःच्या हाताने. पहिल्यांदा त्या चुलीवरची भाकरी त्या पोरांच्या ताटात वाढताना त्यांच्या जिवाची काय कालवाकालव झाली असेल, ते सोवळ्यात स्वयंपाक केलेल्या बाईलाच कळेल. देव त्यांनी सोडला नाही, विटाळ सोडला. पुढे त्याच पोरांची डोकी त्यांनी धुतली, आजारपणे काढली, दुखण्याखुपण्याला उशाशी बसल्या.

भाऊराव वर्गणीसाठी गावे पालथी घालत असायचे. मागे बोर्डिंगात धान्य संपायचे. लक्ष्मीबाईंनी एकेक करून अंगावरचे दागिने मोडले. एकदा पोरांच्या तोंडात घालायला काही उरले नाही, भाऊराव बाहेरगावी होते, तेव्हा गळ्यातले मंगळसूत्र दिले आणि दाणे आणवले. नवरा जिवंत असता मंगळसूत्र गळ्यातून काढणे म्हणजे त्या काळच्या बाईला काय, हे मी लिहायला नको.

१९३० साली त्या वारल्या. चाळिशीही गाठली नव्हती. भाऊराव त्यानंतर एकोणतीस वर्षे जगले आणि बोर्डिंगातली पंगत तशीच चालू राहिली.