व्हार्निशच्या मागचे सर्व्हर

व्हार्निश हा कॅशिंग प्रॉक्सी २००६ साली एका नॉर्वेजियन वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी घडला. मागितलेले पान साठ्यात असेल तर तो ते लगेच देतो. नसेल तरच मागच्या सर्व्हरकडे, म्हणजे बॅकएंडकडे जातो. बॅकएंडचा पत्ता आणि पोर्ट व्हीसीएल या त्याच्या खास भाषेत लिहून ठेवतात. ते दोन ओळींचे काम.

खरे मोल आहे ते ‘प्रोब’चे, म्हणजे प्रकृती-तपासणीचे; ती टाळू नयेच. वेगळे काही न सांगितल्यास व्हार्निश दर ५ सेकंदांनी बॅकएंडकडे एक पान मागून पाहतो. शेवटच्या ८ खेपांपैकी निदान ३ वेळा उत्तर नीट यावे लागते. नाहीतर तो सर्व्हर आजारी ठरतो आणि अनेक सर्व्हरांमध्ये मागण्या वाटून देणारा ‘डिरेक्टर’ नेमलेला असल्यास त्या धडधाकट सर्व्हरकडे वळतात.